ध्रुवपद आणि राखणदार

ती. अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (तुझे विचारतोय. माझे आता माझ्याशीही बोलत नाहीत.)

मला नोकरी लागली आहे, बिनपगारी. संगणकाच्या दाराशी एक राखणदार असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. त्याचे नियम सोप्या ओळींत लिहिता यावेत अशी एक पद्धत सूनबाईने घडवली आहे. आपण फाइलमध्ये ‘हिशेबनीसांना येऊ द्या’ असं लिहायचं, की तिचा प्रोग्रॅम त्यावरून राखणदाराच्या भाषेतले नियम तयार करतो. तिच्या ऑफिसातल्या साहेबांची अट एकच, यातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला जमलं तरच पद्धत मंजूर. नाहीतर तिची वर्षभराची मेहनत टोपलीत. असा माणूस शोधायला तिला घराबाहेर जावं लागलं नाही.

ऑफिसातल्या काचेच्या खोलीत मला बसवलं. ऊन कलंडलं होतं, पडद्यावर ती उभी रेघ लुकलुकत होती, आणि मला आपली शाळा दिसू लागली. बाई एक ओळ म्हणायच्या, मागून सगळा वर्ग, आणि भिंतीपलीकडच्या वर्गातून तू. वाटलं, कुठकुठचे निरोप असेच दमून दाराशी येऊन थांबत असतील. त्या तंद्रीत नियम उतरले, अक्का, आणि काय उतरले! ‘बाकी कोणीही आत येऊ नये’ ही ओळ इतकी घुमली की तिचं ध्रुवपद केलं. ध्रुवपद म्हणजे अर्थातच सगळ्यांच्या वर.

राखणदार वरून वाचत येतो आणि लागू पडेल त्या पहिल्या ओळीलाच थांबतो. (‘बाकी’ या शब्दातली हुरहूर त्याला कळत नाही.) त्याने साऱ्या जगाला हाकललं. साहेबांनी हौसेने स्वतःचाच संगणक दिला होता. त्यावरून कुणाशी तरी चाललेलं त्यांचं बोलणं अर्ध्यात तुटलं. सूनबाईने माझा चहाचा कप माझ्यापासून जरा लांब सरकवला.

साहेबांनी माझी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, “आजोबा, चूक तुमची नाही. ही ओळ वर लिहिता येते, ही चूक आहे.”

मला वाटलं, बुडालं सगळं. पण सूनबाई तिथेच बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने पद्धत बदलली. आता ती ओळ कुठेही लिहा, प्रोग्रॅम तिला मुकाट्याने शेवटी नेऊन बसवतो. माझीच फाइल पुन्हा चालवली, कानामात्रा न बदलता. सुरळीत चालली. पद्धत मंजूर. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिहिलेलं काही साभार परत आलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. ओळीआधी एक खूण केली की ती यंत्र वाचत नाही, नुसती माणसांसाठी राहते. तिथे मी दोन कडवी ठेवून आलोय.

आणखी ता. क. पुढच्या परीक्षेला मी चालणार नाही. साहेबांच्या मते मी आता जाणकार झालो, याहून कोरी पाटी हवी. मी कौतुकाने तुझं नाव सुचवलं. शनिवारी सकाळी गाडी येईल. जबरदस्ती मुळीच नाही. जमत नसेल तर हे पत्र पोचायच्या आत कळव.