शेजारच्या खाटेवरचा रोबोट

थेस्सालोनिकी

पोलिक्सेनीताईस धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, हे आधी वाच आणि मग रड. तुझा गुडघा कसा आहे? शेळ्या कोण बघतंय?

आतड्यातली कॅन्सरची गाठ निघाली. माझी साध्या दुर्बिणीने काढली, शेजारच्या खाटेवरच्या लेओनिदासची रोबोटने! भेटायला येईल त्याला तो सदरा वर करून पोटावरची भोकं दाखवतो, जशी काही नवी गाडीच घेतलीय. भोकं मलाही तेवढीच आहेत, पण बघतो कोण?

मी डॉक्टरांना विचारलं, "मला का नाही रोबोट?"

"अहो स्टेर्गिओस, तुमच्या गाठीला दोन्ही सारखंच. आधी वारा सरू द्या, मग खायला देतो."

तोही आधी लेओनिदासचाच सरला! वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या बायकोने नामदिनाचा सण असल्यासारखी सगळ्यांना चॉकलेटं वाटली. मलाही एक दिलं, मी चमच्याने पाणी पीत असताना! माझा वारा दुसऱ्या दिवशी सरला, तर नर्स नुसतं "बरं" म्हणाली.

आज दोघांचे रिपोर्ट आले. डॉक्टर माझ्यापाशी थांबलेसुद्धा नाहीत. "कुठे पसरलेलं नाही, घरी जा," म्हणाले आणि पुढे गेले. लेओनिदासच्या खाटेवर मात्र बसले, चांगला बराच वेळ. मला त्याचाही राग आला.

मग ते उठून गेले आणि लेओनिदासने माझ्याकडे पाहिलं. ताई, इतके दिवस मी त्याच्याकडे बघत होतो ना, अगदी तसंच.

तुझाच,
स्टेर्गिओस