क्लेमच्या निरोपाच्या दोन प्रती

मी, ऊना प्रेविट, राहणार होबार्ट, टास्मानिया, शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहिते. शुद्धीवर आहे, पण एका बाबीत पार गोंधळलेली आहे. ती बाब खाली येईल. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

ब्रुनी बेटावरची समुद्राकाठची खोली मुलगी टॅमसिन आणि मुलगा ब्रॅम यांना निम्मी-निम्मी. माझे दिवंगत पती क्लेम यांचे शेवंड पकडायचे पिंजरे दीर रॉसला. त्याने माझी शिडी नेली ती परत आणली नाही. तीही त्याला लखलाभ.

आता ती बाब. बोट बुडण्याआधी क्लेमने फोनवर ठेवलेला निरोप दोन्ही मुलांकडे आहे. टॅमसिन म्हणते, शेवटी बाबा हसतात. ब्रॅम म्हणतो, रडतात.

"तूच कापाकापी केलीस त्यात!" ती म्हणाली.

"जा, आधी कान तपासून घे!"

तेव्हापासून दोघे एका टेबलाशी बसत नाहीत.

दोन प्रती एकच आहेत का ते तपासणे, अभिलेखागारात जन्मभर माझे हेच काम. यंत्र फाइलीतून अक्षर-आकड्यांचा लांबलचक ठसा काढते, त्याला हॅश म्हणतात. फाइलीत तिळाएवढा फरक पडला तरी ठसा पार बदलतो. मुलांचे दोन्ही पेनड्राइव्ह मागवून मी हॅश काढले. शेवटच्या अक्षरापर्यंत एकच. आमच्या कामात हॅश जुळला की ऐकत बसत नाहीत, म्हणून मी न ऐकताच निकाल दिला.

ब्रॅम म्हणाला, "आई, तुझ्या यंत्राला कान आहेत का गं?"

मग ऐकले. सकाळी क्लेम हसत होता. दुपारी त्याच फाइलीत रडत होता. पुन्हा हॅश काढला, तोच आला. मला काही कळेनासे झाले आहे, आणि त्याची फार आठवण येते.

म्हणून माझ्या खणातला टॅमसिनचा पेनड्राइव्ह ब्रॅमला द्यावा आणि ब्रॅमचा टॅमसिनला. दोघांनी ब्रुनीच्या त्या खोलीत एकाच टेबलाशी बसून ते ऐकावेत. तोवर खोलीची किल्ली वकिलांकडे राहील.

साक्षीदार लोसा, माझी जुनी सहकारी, हे वाचून म्हणाली, "अगं, दोन्ही एकच आहेत ना? मग अदलाबदल कशाला?"

"बहिणीची प्रत म्हणून ऐकली, तर ब्रॅमला एकदा तरी बाबा हसताना ऐकू येतील," मी म्हणाले.

लोसाने नाक पुसले आणि सही केली.

सही: ऊना प्रेविट
साक्षीदार: लोसा तुइमावावे, नेव्हिल ऑकर्बी, शेजारी
होबार्ट, ७ ऑगस्ट २०२४