पांढुरका कोंडा

हैदराबाद

आये,

तुझ्या आणि बाबांच्या पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. इथला भात मात्र पांढराफटक, कितीही खाल्ला तरी जेवल्यासारखं वाटत नाही.

तू विचारतेस, प्रयोगशाळेत भाताच्या कोंड्याचं एवढं करता काय? अगं, बंद पेटीत हवेतून वीज सोडली की जांभळा उजेड पडतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो कोंड्याला दिला की त्यातली गुणकारी सत्त्वं जास्त मिळतात. आपण कोंबड्यांना घालायचो त्या तांबड्या कोंड्याचं आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, म्हणून तर पुन्हा मागवला.

तुझ्या सांगण्यावरून गणूने धाडलेली पिशवी काल मिळाली. उघडली आणि बसूनच राहिले. कोंडा पांढुरका आहे, आये. आपल्या खाडीकाठच्या शेतातला नाही. अलिबागच्या गिरणीतून आणलास ना?

मॅडमना सांगितलं, पिशवी वाटेत भिजली.

फोनवर तू कोंबड्यांचंच सांगत बसतेस. बाबा तर फोनवर येतच नाहीत. उधाणात शेताचा बांध फुटला का?

कोंडा नको पाठवू आता. खारं पाणी कुठवर आलंय, तेवढं लिही. घराच्या पायरीला लागलं असलं तरी लिही.

तुझी,
कल्पिता