विकास प्रमुखांचा बुधवार

सोमवार, १ जुलै
आजपासून वहिनींच्या बालवाडीत शिक्षक विकास प्रमुख. वॉटर फिल्टर विकणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं ट्रेनिंग दिलेला माणूस मी. तीन ताया म्हणजे हातचा मळ. हिचं म्हणणं, मी रिटायर होऊन घरात सगळ्यांचं डोकं खातो, म्हणून वहिनींनी ही सोय केली. दुर्लक्ष केलं.

वहिनींनी काम एकच सांगितलं. लहान गटाच्या नव्या ताई रडणारी मुलं सांभाळून स्वतःच रडकुंडीला आल्यात. राहायचं की जायचं ते महिनाअखेरीला सांगणार. त्या टिकल्या पाहिजेत. त्या गेल्या तर भाऊजी, तुमचं पदही गेलं म्हणाल्या. मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

संकल्प: रोज वर्गनिरीक्षण. कमी बोलणे.

बुधवार, ३ जुलै
काल निरीक्षण राहिलं. पाठ धरली होती.

आज लहान गटात मागे बसलो. मागे अजून न रुळलेली मुलं बसवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका मुलीने मला स्वतःचा रुमाल दिला, आई येईल हं म्हणाली. उठलो तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली. मुलं महिन्यात पहिल्यांदाच हसली म्हणे. माझ्या उपस्थितीचा परिणाम.

नव्या ताईंना मधल्या सुट्टीत भरपूर सूचना दिल्या. आवाजात चढउतार हवा, नजर हवी, क्लोजिंग, म्हणजे शेवटी सौदा पक्का करणं, फारच कमजोर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मनाला भिडलं असावं.

शुक्रवार, ५ जुलै
कार्यशाळा घेतली. विषय: समोरच्याचे आक्षेप कसे हाताळावेत. मोठ्या गटाच्या मोठ्या ताई इथल्या सर्वांत जुन्या. त्यांनी विचारलं, मूल चावलं तर तो आक्षेप धरायचा का? प्रश्न चांगला आहे, म्हणालो. असं म्हटलं की उत्तर द्यावं लागत नाही.

मधल्या गटाच्या मधल्या ताई पूर्ण वेळ मणी ओवत होत्या. नव्या ताई घड्याळ पाहत होत्या. वेळेचं भान वाखाणण्यासारखं.

मंगळवार, ९ जुलै
आयडिया! परस्पर निरीक्षण. शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहून शिकतात असं इंटरनेटवर आहे. उद्या नव्या ताई मधल्यांच्या वर्गात, मधल्या मोठ्यांच्या, मोठ्या नव्यांच्या. उगाच भेदभाव नको म्हणून तिघींना एकच वेळ. वहिनी फोनवर होत्या, त्यांनी मान हलवली. मंजुरी मिळाली.

बुधवार, १० जुलै
तिघी तीन वर्गांत गेल्या. जिला बघायचं ती तिथे नव्हतीच, ती तिसरीला बघायला गेलेली. मोठ्या ताईंनी बाहेर येऊन विचारलं, सर, आम्ही बघायचं कुणाला? मी प्रसंगावधान राखलं. तुम्ही तिघी ऑफिसात बसून चर्चा करा, सगळी मुलं हॉलमध्ये आणा, मी बघतो म्हणालो. गट हाताळणं हे माझं क्षेत्र.

गोष्ट सांगितली. लगेच संपली. एकाला शू लागली, मग सगळ्यांना लागली. रांग असावी हे मुलांना मान्य होतं, पुढे कोण हे नव्हतं. एकाने चष्मा मागितला. द्यायला नको होता. दोनदा ऑफिसच्या दाराशी गेलो. आत नव्या ताई बोलत होत्या आणि दोघी ऐकत होत्या. मोठ्या ताईंनी हातानेच थांबा म्हटलं.

वहिनी बाहेरून आल्या तेव्हा मी टेबलाखाली होतो. मुलांच्या पातळीवर उतरून संवाद साधतोय, असं सांगितलं.

मंगळवार, १६ जुलै
लहान गटातली रडारड बरीच कमी. नव्या ताई पूर्वी मुलांना दारातूनच उचलून आत न्यायच्या. आता खिडकीत उभं करून आईला टाटा करू देतात, मग आत. माझ्या सूचनेचं फळ. नक्की कुठल्या, ते आठवतोय.

बुधवार, १७ जुलै
आज व्याख्यान ठेवलं होतं. ताया म्हणाल्या, त्यापेक्षा परस्पर निरीक्षण पुन्हा ठेवा, मागच्यासारखंच. पद्धत रुजली. मुलं मीच पाहिली. चष्मा घरी ठेवला होता, त्यामुळे कुणाला पाहिलं ते सांगता येत नाही.

मंगळवार, ३० जुलै
उद्या मीटिंग. भाषण तयार. हिला म्हणून दाखवलं. ‘मी’ जरा कमी करा म्हणाली. जेलसी.

बुधवार, ३१ जुलै
नव्या ताई राहणार.

मी भाषणाला उठत होतो, तेवढ्यात त्याच बोलल्या. सरांच्या सूचना ऐकल्या त्या दिवशीच जायचं ठरवलं होतं म्हणाल्या. मग परस्पर निरीक्षणाच्या पहिल्या बुधवारी ऑफिसात दोघींनी नुसतं विचारलं, काय होतंय गं? त्या दोघीही पहिल्या वर्षी घरी जाऊन रडायच्या, हे तेव्हा कळलं. टाटाची युक्ती मधल्या ताईंची.

वहिनी म्हणाल्या, तिघींनी ऑफिसात बसून बोलायचा हा तास आता रोज ठेवू, भाऊजींचं विकासाचं काम इथेच थांबवू. मी पाण्याचा ग्लास उचलला. त्यात पाणी नव्हतं. नव्या ताई घाईने म्हणाल्या, सरांना काढू नका, त्यांच्यामुळेच तर जमतं. फार बरं वाटलं. पुढे म्हणाल्या, ते मुलांबरोबर हॉलमध्ये असतात, म्हणून तर आम्हाला बोलता येतं.

घरी आलो. हिने विचारलं, काय झालं? ताई राहिल्या, म्हणालो. आणि तुम्ही?

मीही राहिलो म्हणालो. हॉलमध्ये.