पुणतांब्याचा बुद्ध

५ नोव्हेंबर १९७०, मनमाड स्टेशन

गाडी दोन तास उशिरा. बरं झालं, लिहायला वेळ मिळाला.

निघालो एकदाचे! मी, बन्सी आणि कानिफनाथ. तिघेही नगरच्या कॉलेजात, एकाच वर्गात. बन्सी आमच्याच पुणतांब्याचा, पाटलांच्या मळ्यातला. कानिफ शेवगावचा, अडत्याचा मुलगा. ते दोघे फिरायला निघालेत, मी कामाला. आमच्या वस्तीने चार भिंतींवर पत्रे टाकून विहार उभा केला, पण आत नुसती तसबीर. मूर्ती हवी, आणि ती नेपाळातूनच, बुद्ध जन्मला त्या देशातून, असं पंचांनी ठरवलं. भाषणं करतो म्हणून माणूस निवडला तो मी!

आई म्हणाली, "तितं तुला कुनी जात इचारनार न्हाई बघ. कसं असतंय ते डोळ्यांनी बघून ये, आन् आमाला सांग."

आम्ही धर्म बदलला त्याला चौदा वर्षं झाली. तरी गेल्या महिन्यात स्टँडवरच्या चहावाल्याने माझ्यापुढे कान तुटलेला वेगळा कप ठेवला. फोडला मी तो! फोडून वर भाषणही दिलं. बन्सीने दंडाला धरून ओढत नेलं— "लेका, तुज्यासंगं च्या प्यायचा म्हंजी वकीलच बरूबर घ्यायला पायजे."

७ नोव्हेंबर, पाटणा, बोटीवर

गंगा ओलांडतोय. पात्र एवढं रुंद, की आमची गोदावरी इथे ओढा म्हणून खपेल.

कानिफ रुसलाय. सीमेवर पासपोर्ट लागत नाही हे त्याला आज कळलं. "पासपोर्ट न्हाई, इमान न्हाई. ह्याला काय परदेस म्हनायचं? शेवगावात कुनाला सांगू तरी काय!"

९ नोव्हेंबर, काठमांडू

दिवसभर घाटातली बस. कानिफ ओकून ओकून अर्धा झाला. थंडी हाडात शिरते. तिघे एका रजईत. उद्या मूर्ती!

१० नोव्हेंबर

काठमांडूला लागूनच पाटण आहे. गल्लोगल्ली पितळ ठोकल्याचा आवाज. एका चौकात बुद्धमंदिराच्या ओट्यावर म्हातारा मूर्तिकार बसला होता. पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध घराणं! मी वाकून त्याच्या पायांना हात लावला. उभ्या आयुष्यात कुणापुढे वाकलो नव्हतो. पण हा आपला माणूस!

मूर्ती तयारच होती. हातभर उंच, ध्यानस्थ. बघताच म्हणालो, हीच.

म्हाताऱ्याने हिंदीत विचारलं, "कौन जात?"

"बौद्ध."

"वो तो धरम है. जात?"

मी पुन्हा म्हणालो, बौद्ध.

मग त्याने शांतपणे, हातातली कानस न थांबवता, समजावून सांगितलं. त्यांच्यातही जाती आहेत. मंदिराच्या आतल्या खोलीत फक्त त्यांच्या घराण्यातल्या, इथेच मुंडण झालेल्या पुरुषांनी जायचं. मूर्तीत प्राण घालण्याचा विधी त्याच खोलीत होतो, आणि त्या वेळी मूर्ती नेणाऱ्याचं कूळ सांगावं लागतं. कूळ नसेल तर विधी नाही. आणि विधी न झालेली मूर्ती तो ओट्यावरून हलू देत नाही. संपलं!

बन्सी कानाशी लागला, "आरं, सांग की त्येच्याच जातीचा हाय म्हनून. हितून पुनतांब्याला चौकशीला कोन येतंय?"

"न्हाईतर बन्सीचं कूळ घे," कानिफ म्हणाला. "त्येंच्याकडं शहाण्णव हायेत. एक तुला दिलं तरी पंचाण्णव उरत्यात."

बन्सीसुद्धा हसला. मी नाही हसलो. म्हणालो, खोटं कूळ लावून बुद्ध न्यायचा असेल, तर मी रिकाम्या हाताने जाईन. आणि रिकाम्या हाताने मी जाणार नाही!

"म्हंजी नक्की काय करनार?" बन्सीने विचारलं.

मलाही ठाऊक नव्हतं.

११ नोव्हेंबर

म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसून राहिलो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. गौतमाने राजवाडा सोडला, कूळ सोडलं, आणि तुम्ही त्याच्या मूर्तीला पुन्हा कूळ चिकटवता? असं माझ्या हिंदीत, म्हणजे मराठीला "है" जोडून, चांगलं दोन तास बोललो. माणसं जमली. हसली. गेली. म्हातारा कानस चालवत राहिला.

त्याच्या सुनेने चहा दिला. कप साबूत होता. तेवढं नोंदवून ठेवतो.

१२ नोव्हेंबर

आजही तेच. घसा बसला. बन्सी आणि कानिफ मंदिरं बघायला गेले होते, पण दुपारीच परत आले आणि दोन्ही बाजूंना येऊन बसले. कानिफ म्हणाला, "तुज्या हिंदीपेक्षा आमी नुसतं बसलेलं बरं दिसंल."

एकही शब्द न बोलता तिघे बसलो. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब सभा!

१३ नोव्हेंबर

मिळाली!

सकाळी म्हाताऱ्याने स्वतःच मूर्ती फडक्यात गुंडाळून पुढे केली. म्हणाला, "ले जा. इसमें प्राण नहीं है. पाप तेरा."

"पाप माझं," मी म्हणालो. "लिहून देऊ?"

त्याला मराठी कळलं नसणार. पण हसला. मी त्याला नमस्कार केला. या वेळी उभ्यानेच.

१५ नोव्हेंबर, रक्सौल

सीमेच्या नाक्यावरच्या शिपायाने गाठोडं सोडलं. "ये क्या है?" बन्सी चटकन म्हणाला, "हमारे गाँव का देव है, साहेब." मी म्हणालो, देव नाही! बुद्ध देव नव्हता, माणूस होता! शिपायालाही ते नीट समजावून सांगितलं. गाडी चुकली. बन्सी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, पण मूर्ती त्याच्याच मांडीवर आहे.

१९ नोव्हेंबर, पुणतांबा

आईने भाकरी वाढण्याआधी विचारलं, "इचारली का रं कुनी जात?"

खोटं बोलायचं नव्हतं. म्हणालो, विचारली.

तिचा हात परातीतच थांबला. "मंग?"

"मग सांगितली नाही."

"शाब्बास माज्या वाघा!" म्हणाली, आणि तूप वाढलं. ते कुठून आणलं होतं कोण जाणे.

२२ नोव्हेंबर, रविवार

असा दिवस पुन्हा येणे नाही! स्टेशनापासून वस्तीपर्यंत मिरवणूक. पुढे हलगी, मागे अख्खी वस्ती, मध्ये मूर्ती घेतलेला बन्सी. चावडीवर त्याचा चुलता बसला होता. बन्सी त्याच्यासमोरून मान वर करून गेला. हे मी विसरणार नाही.

मूर्ती बसवली आणि बोलायला उभा राहिलो. पाऊण तास! पाटणच्या म्हाताऱ्याची सगळी हकिकत सांगितली. त्या आतल्या खोलीची सांगितली, पाप माझं म्हणालो तेही सांगितलं. म्हणालो, प्राण घालायला आम्हाला कुणाची खोली नको, ज्या दारातून कुणालाही आत येता येतं तिथेच बुद्ध जिवंत असतो! टाळ्यांनी पत्रे वाजले. आप्पासाहेब, आमच्या पंचांतले सगळ्यात वडीलधारे, डोळे पुसत म्हणाले, "पोरा, ह्यासाठीच शिकवला तुला." आई बायकांत बसली होती, सगळ्यांत उंच मान करून.

२३ नोव्हेंबर

दुपारी विहारापाशी छबूबाई आली होती. मांगवाड्यातली. काल मिरवणुकीपुढे हलगी वाजवली ती हिच्याच नवऱ्याने. मूर्ती बघायची म्हणाली. आई उंबऱ्यात आडवी आली— "तितूनच बघ गं बाई. दिसतीया की."

छबूबाईने पायरीखालून हात जोडले आणि गेली.

मी आतच होतो, सतरंज्या गोळा करत. काहीही बोललो नाही.