पिवळा रुमाल

आई, आज सकाळी मोंढ्याच्या बाजाराजवळ रस्त्यावर मी मटकन खाली बसले. माझे उपचार संपून वर्ष होत आलं. छातीतली कॅन्सरची गाठ काढली, औषधं झाली, केसही परत आले. भीती मात्र गेली नाही. कुठं जरा दुखलं की वाटतं, आला परत. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज भरभर चाला, घाम येऊ द्या, जीव शांत होईल. म्हणून शेजारच्या काकूंबरोबर चालते. पण चालताना धडधड वाढली की ती चालण्याची की भीतीची, हेच मला कळत नाही.

आज घाम पुसला आणि पांढरा रुमाल पिवळा झाला. गळा पुसला, तिथंही पिवळं. कावीळ. लिव्हरपर्यंत पोचला, एवढंच डोक्यात आलं. आणि समोर तुझे हात. तू व्यापाऱ्याच्या गोदामात हळद निवडायला जायचीस. उन्हाळाभर तुझे तळवे, नखं, पदर, सगळं पिवळंच असायचं. तुझ्या शेवटच्या वर्षी पावसाळा लागला तरी पिवळेपण उतरलं नाही. "हळद हाय ती, जाईल धुऊन," तूच म्हणत राहिलीस, आणि हळदीच्या वसमतमध्ये ते कुणालाही खरंच वाटलं असतं. दवाखान्यात नेलं तेव्हा पोटातला आजार सगळीकडे पसरला होता.

काकू घाबरल्या नाहीत. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढून उजेडात नीट बघितलं, मग स्वतःचं कपाळ पुसून पिवळी बोटं मला दाखवली. मागं हमाल पोती रिकामी करत होते, पिवळा धुरळा आमच्या अंगावर येत होता. "डोळे पांढरेशुभ्र हायेत तुझे. हळद हाय पोरी. वसमतची लेक अन् हळद वळखू येईना व्हय तुला?" हमालही हसले. तुझी पापणी अशी कुणी ओढून बघितली नव्हती, हे मला तिथं रस्त्यावर बसल्यावर कळलं, इतक्या वर्षांनी.

काकूंनी विचारलं, उद्या येणार ना. येते म्हणाले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगून टाकते: उठून चालायला लागल्यावर मी रडेन असं वाटलं होतं, पण मला सपाटून भूक लागली. मोंढ्यासमोरच्या गाड्यावर उभ्यानं मिरचीभजी खाल्ली, आणि ती संपेपर्यंत तू माझ्या मनात नव्हतीस.