मुखपृष्ठ : राजाराम गजभिये

आयसेलिन, ९ मार्च १९९७

ति. अनुपदादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे आम्ही बरे आहोत. काल लायब्ररीत डिझाइनचं एक मासिक चाळताना तुझा फोटो दिसला. संगीत महोत्सवाच्या पोस्टरला अवॉर्ड मिळालं, अभिनंदन. पण पोस्टर पाहताक्षणी ओळखलं. पांढऱ्या कागदावर कडेला कापलेला भला मोठा काळा 'वि', डोक्यावर रेघ नाही, खाली एकच लाल पट्टी. अमेरिकन लोकांना तो नुसता आकार वाटला असेल. मला वाचता येतं, दादा.

'विहीर सर्वांची' या पुस्तिकेचं हे मुखपृष्ठ बाबांनी १९६१ साली नागपूरच्या छापखान्यात, कंपोझिंगचं काम संपल्यावर, लिनोलियमच्या तुकड्यावर छपाईचा ठसा म्हणून कोरलं होतं. आई गेल्यावर तू ट्रंकेतल्या पुस्तिका नेल्यास, तेव्हा जपून ठेवतो म्हणाला होतास. आता मुलाखतीत सांगतोस की पन्नासच्या दशकातल्या स्विस टायपोग्राफीवरून सुचलं. बाबांचं नाव कुठेच नाही. तुझंही अर्धंच आहे, अनुप राज. गजभिये कुठे सांडलं?

मासिकाला खरं काय ते कळव. महिनाभर वाट पाहते. लोभ अजून आहे, तो टिकवणं तुझ्याकडे.

दीक्षा


रेडमंड, २१ मार्च १९९७

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद.

तू फार्मसीत गोळ्या मोजतेस, मला डिझाइन शिकवू नकोस. बाबाही परदेशी मासिकं बघूनच शिकले. त्यांनी कुणाचं नाव छापलं? मी प्रत्येक वळण कॉम्प्युटरवर नव्याने काढलंय, त्यात चार महिने गेले. वाळवीने खाल्लेल्या पुस्तिकेतलं अक्षर आज म्युझियमच्या भिंतीवर आहे, ते माझ्यामुळे.

आडनावाचं विचारलंस म्हणून सांगतो. माझ्या टीममध्ये पुण्याचा श्रीरंग आहे. तीन वर्षं आम्ही लंच एकत्र करतो. पुस्तिका कसली, विहीर कुठली, आम्ही कोण, हे त्याने विचारायला मला नकोय. नागपुरात ते प्रश्न मी पुरेसे ऐकलेत. तू ओक ट्री रोडवर आपल्या लोकांत राहतेस, तुला सोपं आहे.

मासिकाला एक ओळ जरी लिहिलीस तरी आपलं बोलणं संपलं. प्रकृतीस जप.

अनुप


आयसेलिन, ३० एप्रिल १९९७

ति. अनुपदादास,
सप्रेम जयभीम वि. वि. तू उलट जयभीमही लिहिला नाहीस, ते पाहिलं.

बाबा ती परदेशी पानं घरी येणाऱ्या प्रत्येकाला उघडून दाखवायचे, हे यांच्याकडून शिकलो म्हणायचे. तू लपवलंस.

महिना उलटून गेला. काल मी ट्रंकेतून तेव्हाच ठेवून घेतलेल्या एका प्रतीच्या मुखपृष्ठाची झेरॉक्स संपादकांना पाठवली. कोपऱ्यात बारीक छापलेल्या 'मुखपृष्ठ : राजाराम गजभिये' या ओळीचा इंग्रजी अर्थही लिहून दिला. तुझं तिथलं बसणं-उठणं बिघडेल याचं मला वाईट वाटतं, खोटं सांगत नाही. तरी पाठवली. बोलणं तोडायचं तर तोड. मी राखी पाठवणारच, ठेव नाहीतर टाक.

दीक्षा


रेडमंड, २ जुलै १९९७

दीक्षा,

मासिक आलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापली आहेत. कमिटीने खुलासा मागितला, मी अवॉर्ड परत केलं. हे तुझं काम.

सोमवारी श्रीरंग मासिक घेऊन माझ्या डेस्कशी आला. जातीचं, वस्तीचं काय सांगायचं ते मी रात्रभर घोकलं होतं. त्याने त्यातलं काही विचारलं नाही. ती विहीर शेवटी सर्वांची झाली का, एवढंच म्हणाला. पुस्तिका सहा वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी मुखपृष्ठ कधी उलटलेलं नव्हतं.

काल वाचली, बावीस पानं. विहीर खुली झाली नाही. चौदाव्या पानावर मार खाल्लेल्यांची यादी आहे. तिसरं नाव बाबांचं आहे, वय बावीस, डावा हात मोडला. आपल्याला तर ते सायकलवरून पडलो म्हणून सांगायचे.

मी तुला माफ केलेलं नाही. पण तुझ्याकडे प्रत होती. तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं तर इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीस?

उत्तर लगेच पाठव. लोभाचं मग पाहू.

अनुप